एका दिवसात राणीची बाग : खान्देशातून मुलाबाळांसह जाणाऱ्यांसाठी

खान्देशातील घरांतून मुंबईला जाण्याची कारणे बहुधा ठरलेली असतात. कोणाचे लग्न असते, कोणाला मोठ्या दवाखान्यात दाखवायचे असते, तर कोणाला नोकरीसाठी तिकडे गेलेल्या मुलाचे बिऱ्हाड पाहायचे असते. अशा प्रवासात मुलांसाठी म्हणून जो एक दिवस काढला जातो, तो बहुतेक वेळा भायखळ्याच्या राणीच्या बागेला मिळतो. संध्याकाळी मात्र तीच मंडळी दमून, चिडून आणि ‘पेंग्विन पाहिले, बाकी काही नाही’ असे म्हणत परततात. दोष बागेचा नसतो. दिवसाचा क्रम चुकलेला असतो. सुमारे पन्नास एकरांच्या या आवारात एक जुने वनस्पती उद्यान, एक प्राणिसंग्रहालय आणि एक देखणे वस्तुसंग्रहालय एकमेकांना लागून आहे. कोणत्या वेळी कोठे असावे हे आधी ठरवले, तर सहा वर्षांचे मूल आणि सत्तरीची आजी या दोघांनाही ते झेपते.

सर्वांत आधी वार पाहावा. उद्यान बुधवारी बंद असते आणि वस्तुसंग्रहालयालाही बुधवारचीच सुट्टी असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली, तर उद्यान त्या दिवशी उघडे ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवण्याची पद्धत आहे. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा वार बुधवारच होता. बंद फाटकासमोर रडणाऱ्या दोन भाच्यांची समजूत घालताना ‘कॅलेंडर भिंतीवर कशाला टांगलेले असते?’ असा प्रश्न आमच्या जिभाऊंनी विचारला होता, आणि त्याचे उत्तर आजही माझ्याकडे नाही. शनिवार-रविवार, दिवाळीची व मे महिन्याची सुट्टी आणि एक जानेवारी हे दिवसही शक्यतो टाळावेत. त्या दिवशी प्राण्यांपेक्षा माणसांच्या पाठीच अधिक दिसतात. शाळेचा एखादा दिवस बुडवून मंगळवारी किंवा गुरुवारी जाणे परवडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऋतूचा विचार आपल्याकडील लोक फारसा करत नाहीत, कारण तापीकाठच्या ४४-४५ अंशांची सवय असलेल्या माणसाला मुंबईचे ३३ अंश किरकोळ वाटतात. हा समज दुपारी बारापर्यंतच टिकतो. आपल्याकडील ऊन कोरडे असते, सावलीत बसले की घाम वाळतो; मुंबईच्या दमट हवेत तो वाळतच नाही, आणि लहान मुले पाणी न मागताच मलूल होतात. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास महापालिकेतर्फे याच बागेत फुलांचे व रोपांचे प्रदर्शन भरते. तो योग जुळला, तर घरच्या बागकामवेड्या माणसाचाही दिवस सार्थकी लागतो. पण त्या दिवसांत गर्दी वाढते, हे गृहीत धरावे.

जाण्याची व्यवस्था

जळगावहून मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर आहे, आणि रात्री बसून सकाळी उतरणे हाच मुलांसाठी सोयीचा मार्ग. धुळ्याकडील मंडळी बहुधा चाळीसगावला येऊन गाडी धरतात. नंदुरबार, अमळनेर, दोंडाईचा या पट्ट्यातील लोकांना सुरतमार्गे जाणारी खान्देश एक्सप्रेस जवळची, परंतु ती पश्चिम रेल्वेवरून मुंबईत येते. त्यांनी दादरला मध्य रेल्वेच्या बाजूला जाऊन लोकल धरावी.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. मनमाडमार्गे येणारे पुष्कळ लोक भायखळा जवळ पडते म्हणून दादरला उतरतात आणि सकाळच्या वेळी दक्षिणेकडे जाणाऱ्या लोकलमध्ये मुले, पिशव्या आणि आजी यांना घेऊन चढण्याचा प्रयत्न करतात. सकाळी साडेआठनंतर तो प्रयत्न करू नये. गाडी थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत जात असेल, तर शेवटपर्यंत बसून राहावे. तेथील प्रतीक्षालयात तोंडे धुवावीत, चहा-नाश्ता उरकावा, आणि मग उलट दिशेने ठाणे-कल्याणकडे जाणारी लोकल धरावी. कामावर जाणारे सारे लोक समोरून येत असतात, त्यामुळे या बाजूचे डबे बऱ्यापैकी मोकळे मिळतात. मशीद, सँडहर्स्ट रोड आणि त्यानंतर लगेच भायखळा. अवघे तिसरे स्थानक. मोठे सामान टर्मिनसवरील सामानघरात ठेवता येते, मात्र त्यासाठी प्रवासाचे तिकीट आणि कुलूप लावलेली बॅग लागते. दोरीने बांधलेली गोणी ते घेत नाहीत, तेव्हा घरूनच दोन लहान कुलपे सोबत ठेवावीत.

भायखळ्याला उतरल्यावर लगेच बाहेर पळू नये. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी देशातील पहिली प्रवासी गाडी याच मार्गावरून धावली, आणि भायखळा हे त्या काळापासूनचे स्थानक आहे. त्याच्या जुन्या इमारतीचे मूळ रूप अलीकडे काळजीपूर्वक परत आणण्यात आले असून, त्या कामाला २०२२ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. स्थानकाच्या पूर्वेला बाहेर पडून दहा-बारा मिनिटे चालले की बागेचे प्रवेशद्वार येते. मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग आहे. त्यावर वाहने वेगाने जातात, म्हणून मुलांचे हात धरूनच चालावे.

फाटक साडेनऊच्या सुमारास उघडते, आणि संध्याकाळी सहाला बाग बंद होण्यापूर्वी पाऊण-एक तास तिकीटविक्री थांबते. २०१७ साली प्रवेशशुल्क पाच रुपयांवरून पन्नास रुपये झाले तेव्हा बरीच ओरड झाली होती. मात्र त्याच वेळी आई, वडील आणि दोन मुले अशा चौकोनी कुटुंबासाठी एकत्रित शंभर रुपयांचे तिकीटही ठेवण्यात आले, ते खिडकीवर विसरू नये. तिकीट ऑनलाइनही काढता येते, आणि गर्दीच्या दिवशी तेच बरे.

आधी पेंग्विन, मग वाघ

फाटक उघडताच पहिला मुक्काम पेंग्विनच्या इमारतीत करावा. अकरानंतर तेथे रांग लागते आणि काचेसमोर दोन मिनिटेही धड उभे राहता येत नाही. साडेनऊ-दहाला मात्र मूल काचेला नाक लावून निवांत पाहू शकते. येथील पेंग्विन हंबोल्ट जातीचे आहेत. २०१६ साली दक्षिण कोरियाची राजधानी सोलहून आठ पक्षी आणण्यात आले आणि २०१७ च्या मार्चपासून लोकांना ते पाहता येऊ लागले. पुढे त्यांना येथेच पिल्ले झाली, त्यामुळे आज काचेपलीकडे दिसणाऱ्या पक्ष्यांपैकी बरेचसे जन्माने मुंबईकर आहेत.

बहुतेक मुले आत शिरताच ‘बर्फ कुठे आहे?’ असे विचारतात, आणि मोठी माणसे ‘वितळला असेल’ असे काहीतरी सांगून वेळ मारून नेतात. खरे उत्तर अधिक रंजक आहे. हंबोल्ट पेंग्विन मुळात बर्फात राहतच नाहीत. दक्षिण अमेरिकेत पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावर, जवळजवळ वाळवंटासारख्या कोरड्या खडकांवर त्यांची वस्ती असते. किनाऱ्याजवळून वाहणारा समुद्राचा थंड प्रवाह त्यांना गारवाही देतो आणि मासेही. म्हणून येथील दालनाचे तापमान १६ ते १८ अंशांच्या आसपास राखले जाते. आपल्याकडील पौषातील पहाट याहून गार असते. वर्षातून एकदा पेंग्विन सगळी पिसे टाकतात आणि नवी येईपर्यंत पाण्यात उतरत नाहीत. एखादा पक्षी कोपऱ्यात विस्कटलेला उभा दिसला, तर तो आजारी आहे असे समजून मुलांना घाबरवू नये. फ्लॅश वापरून फोटो काढू नये आणि काचेवर टकटक करू नये, हे मुलांना आत शिरण्यापूर्वीच सांगावे, कारण आत गेल्यावर ती कोणाचे ऐकत नाहीत.

पेंग्विननंतर अकरा-साडेअकरापर्यंतचा वेळ मोठ्या प्राण्यांना द्यावा. वाघ, बिबट्या, अस्वल ही मंडळी ऊन चढले की सावलीत आडवी होतात. मग तासभर काचेसमोर उभे राहूनही शेपटीच्या टोकापलीकडे काही दिसत नाही. येथील बहुतेक पिंजऱ्यांच्या जागी आता झाडे, पाणी आणि खडक असलेली मोकळी दालने आहेत, आणि जाड काचेमागून प्राणी पाहावे लागतात. त्यामुळे प्राणी चटकन दिसत नाही, शोधावा लागतो. प्रथम कोण शोधून दाखवतो, अशी पैज मुलांमध्ये लावून द्यावी. २०२० साली या बागेत वाघांची एक जोडी आपल्या शेजारच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून आली होती. अजिंठा-वेरूळच्या सहलीत ज्यांनी सिद्धार्थ उद्यान पाहिले आहे, त्या मुलांना हा धागा लगेच लागतो. यावल किंवा चाळीसगावकडील मुलांना बिबट्या ऐकून-पाहून माहीत असतो. तरीही शेताच्या बांधावर दबा धरणारा तो प्राणी इतका लहानखुरा आणि इतका शांत दिसू शकतो, याचे त्यांनाही नवल वाटते.

मगरींच्या दालनात पाण्याखालून पाहण्याची सोय आहे, आणि माझ्या मते सबंध प्राणिसंग्रहालयात मुलांसाठी याहून मोलाची जागा नाही. वरून ओंडक्यासारखी पडून राहिलेली मगर पाण्याखालून पाहिली की तिची शेपटी आणि पाय कसे काम करतात ते समजते. मगर आणि सुसर यांतील फरकही येथे दाखवावा : मगरीचा जबडा रुंद, तर सुसरीचा निमुळता, चिमट्यासारखा लांब. नर सुसरीच्या नाकाच्या शेंड्यावर घड्यासारखा फुगवटा येतो, त्यावरूनच हिंदीत तिला ‘घडियाल’ म्हणतात. पाणघोड्यासमोर थोडा धीर धरावा लागतो. तो बराच वेळ बुडून राहतो आणि अचानक वर येऊन फुसकारतो, तेव्हा सर्वांत लहान मूल हमखास कडेवर चढते. पक्ष्यांच्या मोठ्या जाळीदार दालनात पुलावरून आत चालता येते. येथे आवाज न करता पाच मिनिटे एका जागी उभे राहिले, तर पक्षी जवळ येतात. धावत गेले तर पिसेही दिसत नाहीत.

आपल्या पिशवीत केळी असणारच, याविषयी दोन शब्द. प्राणिसंग्रहालयात प्राण्यांना खाऊ घालणे, चिडवणे, आरडाओरडा करून त्रास देणे आणि कचरा टाकणे या सर्वांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार मनाई आहे. केळी जळगावची असली तरी. प्राण्यांचा आहार पशुवैद्यांनी ठरवलेला असतो, आणि प्रेमाने टाकलेली पोळीही त्यांच्या पोटाला बाधते. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि वेष्टने घरीच ठेवावीत. स्टीलचा डबा आणि पाण्याची धातूची बाटली हेच सोयीचे. दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी दोन दिवस टिकते व हात फारसे माखत नाहीत. ठेच्याचा मोह मात्र आवरावा, कारण त्यानंतर मुलांना लागणारे पाणी बागेच्या टोकाहून आणावे लागते.

दुपार संग्रहालयात

बारा ते अडीच हा वेळ बहुतेक कुटुंबे बाकावर पेंगत किंवा आइस्क्रीमसाठी भांडत घालवतात. हाच वेळ डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयाचा आहे. प्रवेशद्वाराजवळच असलेल्या या इमारतीचे तिकीट वेगळे काढावे लागते. ती २ मे १८७२ रोजी लोकांसाठी खुली झाली, आणि मुंबईतील हे सर्वांत जुने वस्तुसंग्रहालय होय. पूर्वी त्याचे नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होते. १९७५ साली त्याला भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. संग्रहालय उभे राहावे म्हणून जगन्नाथ शंकरशेट आणि भाऊ दाजी या दोघांनी केलेली खटपट नोंदली गेलेली आहे. आपल्यासाठी भाऊ दाजींचे नाते आणखी जवळचे आहे. व्यवसायाने डॉक्टर असलेल्या या माणसाने अजिंठ्याच्या लेण्यांतील शिलालेखांच्या नकला घेऊन ते वाचले. जळगावहून दीड-दोन तासांवरची ती लेणी ज्यांनी पाहिली आहेत, त्या मुलांना भाऊ दाजींची ओळख करून द्यायला याहून चांगली सुरुवात नाही.

आत गेल्यावर आधी मान वर करून छत आणि सोनेरी नक्षीचे खांब पाहावेत, मग खालच्या कपाटांकडे वळावे. मुलांना गुंतवून ठेवतात त्या मातीच्या लहान मूर्ती : जुन्या मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींचे पोशाख, पगड्या आणि कामधंदे त्यांत हुबेहूब घडवलेले आहेत. यांतील कोणते काम आजही आपल्या गावात चालते, हे मुलांना शोधायला सांगावे. गलबतांच्या प्रतिकृती आणि शहराचे जुने नकाशेही आहेत. सात बेटांची मुंबई भराव घालून एक कशी झाली, हे नकाशावर बोट फिरवून सांगता येते. येथे पाऊण तास पुरे. मूल कंटाळले तर ओढत नेऊ नये. ज्याला पाहायचे आहे त्याने पाहावे आणि दुसऱ्याने मुलाला घेऊन बाहेरच्या सावलीत बसावे.

बाहेर, संग्रहालयाच्या शेजारी, एक मोठा दगडी हत्ती उभा आहे, आणि त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. तो मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलेफंटा’ म्हटले. १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेला नेण्याचा घाट घातला, पण उचलताना यारीची साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे ते तुकडे येथे आणून १९१४ साली पुन्हा जोडण्यात आले. सांधे कोठे दिसतात का, हे मुलांना पाहू द्यावे. मुंबईतील ‘काळा घोडा’ या भागाला ज्याच्यामुळे नाव मिळाले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाही १९६५ पासून याच बागेत आहे. म्हणजे नाव तेथे आणि घोडा येथे, अशी गंमत आहे. कुटुंबातील मोठ्यांची चुकामूक झालीच, तर भेटण्याचे ठिकाण म्हणून दगडी हत्तीच ठरवावा. विचारला तर कोणीही दाखवतो. लहान मुलांना मात्र ‘हरवलास तर जागेवरून हलायचे नाही आणि गणवेशातल्या रखवालदाराला सांगायचे’ एवढेच शिकवावे, आणि आईवडिलांचा मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकाच्या खिशात ठेवावी.

उरलेली दुपार झाडांखाली

ही मुळात बागच आहे, हे पेंग्विनच्या गर्दीत सारेच विसरतात. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रियर यांच्या हस्ते व्हिक्टोरिया गार्डन्स म्हणून ती उघडली. प्राणिसंग्रहालय त्यानंतर जवळजवळ तीन दशकांनी आले. राणी म्हणजे व्हिक्टोरिया, हे लोकांच्या तोंडी राहिले, आणि आता अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय असे असल्याने ‘राणीची बाग’ हे नाव दुसऱ्या अर्थानेही खोटे ठरत नाही.

येथे तीन हजारांहून अधिक झाडे आहेत, आणि त्यांतील काही आपल्याकडे सहसा पाहायला मिळत नाहीत. फुगीर, हत्तीच्या पायासारख्या बुंध्याची गोरखचिंच मूळची आफ्रिकेकडील. तिच्या बुंध्याला किती जणांचे हात लागतात, हे सगळ्या कुटुंबाने मिळून मोजून पाहावे. कैलासपतीची फुले फांद्यांच्या टोकाला न येता थेट खोडावर येतात, आणि फुलाच्या मध्यभागी नागाच्या फण्याखाली पिंडी असावी असा आकार दिसतो. आजी येथे हात जोडणारच, तिला घाई करू नये. उर्वशी हे म्यानमारकडील झाड. हिवाळ्याच्या शेवटी त्याला लालसर फुलांचे लोंबते घोस येतात, आणि ते फुललेले सापडले तर फोटो काढण्याजोगे तेच. सीताअशोक आणि आपण रस्त्याकडेला पाहतो तो उंच, सरळ ‘खोटा’ अशोक यांतील फरकही येथेच दाखवता येतो. झाडांवर नावांच्या पाट्या आढळतात. वाचता येणाऱ्या मुलाने पाटी वाचावी आणि न येणाऱ्याने खाली पडलेले पान उचलावे, अशी वाटणी आमच्याकडे चालते. पाने, फुले तोडायची नाहीत, पडलेली चालतात.

साडेचारच्या सुमारास पाय फाटकाकडे वळवावेत. त्यानंतर भायखळ्याकडे जाणाऱ्या पदपथावर गर्दी होते, आणि संध्याकाळी लोकलची गणितेही उलटतात : आता टर्मिनसकडून येणाऱ्या गाड्या भरलेल्या आणि तिकडे जाणाऱ्या रिकाम्या, म्हणजे आपल्या सोयीच्या. सामानघरातून बॅगा घेऊन, जेवून, संध्याकाळी सात-आठच्या सुमारास सुटणाऱ्या विदर्भाकडील गाड्यांपैकी एखादी आरक्षणाने गाठावी. मुले कसारा घाट येण्यापूर्वीच झोपतात, आणि मोठ्यांनाही झोप आवरत नाही. परंतु या गाड्या जळगावला मध्यरात्रीनंतर पोहोचतात आणि पुढे भुसावळकडे निघून जातात, म्हणून पाचोरा येण्याच्या सुमाराचा गजर दोन मोबाइलवर लावावा. एका मोबाइलची बॅटरी तोपर्यंत पेंग्विनच्या चित्रफिती पाहण्यात संपलेली असते.